फाटक्या कोपऱ्याचा बेदाणा

पत्ता लिहायला बसण्याआधी अण्णा चपला काढून ठेवायचे. तासगावात, स्वतःच्याच बेदाण्याच्या शेडमध्ये, तापलेल्या फरशीवर अनवाणी. मी विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या दारात चाललोय गं पोरी. तू चपला घालून आत जातीस व्हय?"

हा माणूस बेदाणा पोस्टाने विकायचा. सौद्यात, म्हणजे लिलावात, माल ढिगाने जातो आणि पुढे तो कुणाच्या बागेतला, हे कुणी विचारत नाही. अण्णांना ते सोसायचं नाही. आपला बेदाणा आपल्या नावानिशी लोकांच्या खिरीत पडावा, एवढीच त्यांची हाव. म्हणून दर दिवाळीआधी फलटण, कडेगाव आणि साताऱ्याकडच्या फौजी घरांना पत्रं जायची. मुलाला, सुनीलला, हा सगळा पोरखेळ वाटायचा. त्याने बजावलं होतं, ज्या वर्षी पत्रांवर माल संपणार नाही, त्या वर्षी हा उद्योग बंद आणि बेदाणा सौद्यात.

मजकुरासाठी अण्णांनी मला धरलं, कारण पाणीप्रश्नावरच्या आमच्या चळवळीची पत्रकं मी लिहायचे. माझा पहिला मसुदा 'जागे व्हा!' इथून सुरू झाला. अण्णांनी तो हातभर लांब धरून वाचला. "लय झ्याक. पण ह्यात आपलं भांडण कुणाशी हाय? आन् हे भिंतीला बोलतंय गं. भिंत बेदाणा खाती का? एका बाईला लिही. दुपारची जरा टेकलीया, एवढंच धर." मला राग आला. चळवळीत आम्ही जनतेला लिहायचो. जनतेला दुपार असते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग सुनीलने पुण्याची एजन्सी आणली. तिथल्या साहेबाने भिंतीवर बाणच बाण दाखवले. गिऱ्हाइकांना तो 'टार्गेट' म्हणायचा. "फौजी घरात जाऊन टार्गेट म्हणू नगा सायेब," अण्णा म्हणाले, "म्हातारी माणसंबी जिमिनीवर आडवी हुतील." एवढ्या बाणांतून निघालं ते इतकंच, की जाड कार्ड छापायचं, त्याचा एक कोपरा म्हणजे सवलतीचं कुपन आणि गिऱ्हाइकाने तो फाडून परत पाठवायचा. अण्णांना कल्पना भलतीच आवडली. खटकलं ते एवढंच. "गिऱ्हाइकाला फाडाय लावायचं? पाव्हण्याला हातानं वाढून घे म्हणल्यावानी हाय ते."

मी तेव्हा सांगलीला धरण्यावर बसले होते. इकडे अण्णांनी झाडून सगळ्या कार्डांचे कोपरे स्वतः फाडले, प्रत्येक कोपरा त्याच्याच कार्डामागे टाचला आणि गठ्ठे पोस्टात नेऊन टाकले.

कोपरा फाटलेलं कार्ड आपल्याकडे काय सांगत येतं, हे जुन्या माणसांना विचारा. मयताची बातमी. असं कार्ड उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, बाहेरच वाचून फाडतात. अण्णांनी स्वतः वडलांच्या वेळी तशी कार्डं धाडली होती. पण पाहुणचार अंगात आला की त्यांचं बाकी सगळं बंद पडायचं.

साताऱ्याकडच्या एका गावात पोस्टमनने ते कार्ड हौसामावशीला लांबूनच दिलं. मावशीचा मुलगा सीमेवर. तिने कोपरा पाहिला आणि हंबरडा फोडला. गल्ली गोळा झाली. बायांनी तिला धरलं. शेवटी एका रिटायर सुभेदारांनी टोपी काढली, कार्ड हातात घेतलं आणि जड आवाजात वाचलं, "आनंदाची बातमी! दिवाळीनिमित्त खास सूट!"

सुनीलचा फोन शिव्यांनी तापला. साहेब पुण्याहून म्हणाला, "लोकांच्या लक्षात राहिलंय, हेच तर पाहिजे!" त्याला मी जे बोलले ते आमच्या पत्रकातही छापता येणार नाही. अण्णा मात्र एसटीत बसून थेट मावशीकडे निघाले. मीही गेले.

"या," मावशी दारातच कडाडली. "मढं धाडणारं तुमीच व्हय?"

"चुकलो, मावशी."

"चुकलो काय! माझं लेकरू तिकडं बर्फात, आन् तुमी हितं कोपरं फाडत बसलाय!"

अण्णांनी मान खाली घालून पुडी पुढे केली. शिव्या देता देताच मावशीने चार बेदाणे तोंडात टाकले. "ग्वाड हाय. दोन किलो द्या. आन् फुडल्या साली कोपरा फाडूनच धाडा. मला कुठं वाचाय येतंय? कोपरा दिसला की वळखीन, अण्णाचा बेदाणा आला."

गोष्ट गावोगाव झाली, लोक पोट धरून हसले आणि त्या हसण्यावरच त्या वर्षी माल संपला. अण्णांचे कोपराअण्णा झाले. साहेबाने त्यावर भाषणं ठोकली. त्यांत मावशीचा हंबरडा 'प्रतिसाद' या सदरात मोडायचा. अण्णांनी मात्र पुन्हा एकाही कार्डाचा कोपरा फाडला नाही, मावशीचं सोडून. तेवढं एक कार्ड ते सगळ्यात शेवटी घ्यायचे, अनवाणी बसून, गालात हसत फाडायचे.

यंदा गणपतीआधी अण्णा गेले. सुनीलने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला आणि त्याच आठवड्यात सगळा बेदाणा सौद्याला लावला. जुन्या गिऱ्हाइकांना कळवायला मी बसले. चपला काढल्या. एकेकाला, साधं, एकही उद्गारचिन्ह न घालता लिहिलं. रीतीप्रमाणे कोपरे फाडले.

थोड्या दिवसांनी सुनेच्या फोनवरून मावशी बोलली. "अगं, कार्ड पोचलं. ही वाचाय लागली हुती. म्हणलं, ऱ्हाऊ दे, कोपऱ्यावरनंच कळलं मला. यंदा लवकर धाडलं व्हय अण्णानं? दोन किलो धाड म्हणावं. पोरगं रजेवर येतंय."

कलेक्टर कचेरीसमोर मला माइक लागत नाही. फोनवर मात्र तोंडातून एवढंच निघालं, "धाडते, मावशी."

सुनीलच्या घरी खाण्यापुरता ठेवलेला बेदाणा होता. त्यातला दोन किलो हट्टाने मागून आणला, अण्णांच्या नावाच्या पिशवीत भरला. वर नवं कार्ड ठेवलं. या वेळी कोपरा फाडला नाही. चारी कोपरे शाबूत असलेलं कार्ड अण्णांकडून मावशीला कधीच गेलेलं नाही. बघितल्याबरोबर तिला कळेल.