छोट्या गाडीचा टर्बो

माफ करा, घरातला पहिलाच कॉलेजात आलोय आणि लगेच लिहायला बसलोय. आमच्या छोट्या गाडीला माणसं भरली की घाटाचा चढ झेपत नाही, म्हणून दरवेळी आई उतरते आणि गाडीमागून चालत चढते. पुढे जाणाऱ्या गाड्यांतली माणसं तिच्याकडे वळून बघतात. यंदा दादाने इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवला. काका म्हणाले, "लेका, शेळीवर अंबारी कशाला? तेवढ्या पैशांत दुसरी गाडी आली असती!" हिशेबाने काकांचंच खरं असेल. पण लहान इंजिनाने मोठा श्वास घेऊच नये, असं कुणी ठरवलं? माझ्या कॉलेजबद्दलही काका असंच म्हणाले होते. आज घरचे सगळे गाडी घेऊन घाटाकडे निघाले; मी इथे दुपारभर फोनची वाट पाहिली. शेवटी घाटातून दादाचा फोन आला. "इंजिन बसलं रे, पार जाम! पण माथ्यावर पोचल्यावर. आई उतरली नाही."