तीन तुकड्यांचं धनुष्य आणि मुरूडची वाट

माझं पहिलं धनुष्य एस.टी.च्या टपावर मोडलं. पुण्याहून मुंबईला परतताना कंडक्टरनं ते आत घेऊच दिलं नाही. "बाई, ही काठी कुणाच्या डोळ्यात गेली म्हणजे?" म्हणाला आणि टपावर टाकलं. घाटात त्याच्यावर कुणाचा तरी पाटा-वरवंटा सरकला. दादरला उतरले तेव्हा अखंड बांबूच्या त्या धनुष्याचे दोन तुकडे माझ्या हातात आले. मी भर स्टँडवर रडले, आणि रडून झाल्यावर कंडक्टरशी कडाकडा भांडले.

आता ऐंशी ओलांडली आहे. ही गोष्ट एकोणीसशे साठच्या दशकातली, रायगडला कुलाबा जिल्हा म्हणत तेव्हाची. मी दादरच्या मुलींच्या शाळेत कसरतीची शिक्षिका होते आणि जवळच्या व्यायामशाळेत एकटीच बाई धनुर्विद्या शिकत होते. माझ्या अकरा विद्यार्थिनींना शिकायचं होतं, पण व्यायामशाळेचे चिटणीस, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, मुलींना हे झेपायचं नाही म्हणून तयार नव्हते. शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून त्यांनी अट घातली. "दसऱ्याला अलिबागला स्पर्धा आहे. पहिल्या तिघांत या, मालतीबाई. मुलींचा वर्ग सुरू करू. नाही आलात तर हा विषय पुन्हा माझ्यासमोर नको."

स्पर्धेला आठ दिवस, आणि माझ्याकडे धनुष्यच नाही! तेव्हा शाळेतली माझी मैत्रीण सुलोचना म्हणाली, मुरूडला विठूदादा म्हणून होड्यांचे सुतार आहेत, ते सुटं होणारं धनुष्य बनवतात. मधली मूठ वेगळी, वरची पात वेगळी, खालची वेगळी. पितळी बोल्टनं जोडायचं, काम झालं की सोडवून ट्रंकेत टाकायचं. ट्रंक म्हटल्यावर माझा निर्णय झाला. सप्तमीच्या सकाळी मी निघाले.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पावसाळ्यानंतर नुकतीच सुरू झाली होती. आता तुम्ही गाडीसकट बोटीत चढता आणि तासाभरात मांडव्याला उतरता. तेव्हा रेवसला उतरून एस.टी.नं अलिबाग, तिथून दुसरी एस.टी. रेवदंड्याला, मग खाडी होडीनं ओलांडून साळाव, आणि पुन्हा एस.टी. भाडं किरकोळ होतं, वेळ मात्र अख्खा दिवस जायचा. पण काय वाट होती! एका हाताला पिकायला आलेलं पिवळं भात, दुसऱ्या हाताला नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि काशीदच्या पुढे एकदम समुद्र. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामानं निथळत होते, तरी खिडकी सोडवेना. आता साळावला पूल आहे. घाई नसेल तर रेवदंड्याला उतरा, कोटाच्या भिंतीतून जाणाऱ्या रस्त्यानं थोडं चाला.

विठूदादांच्या घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. साठीचा काटक माणूस, जन्म गोद्यांत आणि जहाजांवर सुतारकाम करण्यात गेलेला. जहाजावर एका साहेबाच्या पेटीत त्यांनी असं धनुष्य पाहिलं होतं. तो झोपला असताना ते उघडून, मोजून पुन्हा पेटीत ठेवलं, असं त्यांनी मला बिनदिक्कत सांगितलं. त्यांच्या बायकोनं तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं.

"उद्या काय ते ठरव," दादा म्हणाले. "परवा खंडेनवमी. त्या दिशी हत्याराला हात न्हाय लावायचा, म्हंजे न्हाय."

अष्टमीला सकाळी त्यांनी पडवीत तीन धनुष्यं जोडून ठेवली. तिन्हींचीही टोकं पुढच्या बाजूला डौलात वळलेली, पाती बांबूच्या पट्ट्या सरसानं चिकटवून वर वार्निश दिलेल्या. माझी नजर गेली ती शिसवी मुठीच्या, सर्वांत जाड धनुष्यावर. चाळीस पौंडी, म्हणजे दोरी ओढायला तितका जोर. अण्णांचंही चाळीस पौंडीच होतं, त्यामुळे मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

"हेच द्या," मी म्हणाले.

"देतो. पर आधी वढ, आनि वढून धरलंस की नाव सांग, गाव सांग, काल काय जेवलीस त्ये सांग. सांगून झालं की तुजं."

मला हसू आलं. दोरी हनुवटीपर्यंत ओढली आणि म्हणाले, "माल..." पुढचं अक्षर फुटेना. दात आवळलेले, खांदा थरथरतोय. दोनदा, तीनदा केलं, "मालती"च्या पुढे गाडी जाईना. दादांची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मला इतका राग आला की धनुष्य समुद्रात फेकावंसं वाटलं.

"ज्ये धरून बोलता येत न्हाय, त्ये धरून नेम कसा धरशील?" दादा म्हणाले.

दुसरं होतं चौतीस पौंडांचं. त्याच्यावर नाव आणि गाव झालं. दादांनी त्याच्या दोरीमागून एक डोळा मिटून पाहिलं आणि ते स्वतःच बाजूला ठेवलं. मलाही बघायला लावलं. दोरीनं दोन्ही पातींचे मधोमध दोन भाग करायला हवेत, इथे खालची पात केसभर पिळली होती. सुटं धनुष्य घेणाऱ्यांनो, ही एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. मुठीचा डौल नंतर बघा, आधी दोरीमागून बघा.

तिसरं अठ्ठावीस पौंडी. साधी सागवानी मूठ, नक्षी नाही. ओढलं आणि म्हणाले, "मालती, दादर, भाकरी, वालाचं बिरडं, वर ताक, आणि काकूंनी आग्रह करून वाढलेला भात!"

"हां! ह्ये तुजं," दादा म्हणाले.

मग त्यांनी जोडणी शिकवली. वरची पात जराशी नरम, खालची कडक. दोरी चढवली की वरची पात आणि दोरी यांच्यातली फट बोटभर जास्त दिसते, ते त्यांनी बोटं घालून दाखवलं. "उलट लावलीस तर बान डोक्यावरनं जातील." आणि चूक होऊ नये म्हणून त्यांनी वरच्या पातीच्या मुळाशी तेलात कालवलेल्या शेंदराचा एक ठिपका लावला, नव्या होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, लावतात तसा. दिवसभर किनाऱ्यावर वाळूच्या ढिगावर बाण मारले. रात्री हात गळून गेले होते, पण मी खूश होते.

नवमीला अलिबागला परतले ती सुलोचनाच्या आईकडे, कोळीवाड्यात. बायोमावशींचा उत्साह असा की मी ट्रंक खाली ठेवायच्या आत त्यांनी ती उघडलीसुद्धा. देवघरापुढे कोयते, विळी, जाळं विणायची सुई, नवऱ्याच्या होडीचा नांगर, सगळं धुऊनपुसून मांडलेलं. मी आंघोळीला गेले आणि बाहेर येऊन बघते तर माझं धनुष्यही तिथे! तीन तुकडे ओल्या फडक्यानं चकाचक पुसलेले, आणि प्रत्येकावर शेंदराचा ठसठशीत ठिपका, झेंडूचं फूल.

"मावशी, हा ठिपका..."

"व्हय गो पोरी, एकावरच व्हता. बाकीच्यांनी काय पाप केलंय? सगल्यांना लावला!" मावशी समाधानानं म्हणाल्या. "आता उद्याच्याला उचल. आज हात नको लावूस."

इतक्या प्रेमानं पूजा केलेल्या बाईला मी काय ओरडणार होते? आणि नवमीला ते जोडून बघायचीही सोय नव्हती.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरली तेव्हा उशीर झालाच होता. दोन्ही पाती हुबेहूब सारख्या. एकीवरचा ठिपका जरा जुनाट वाटला, मी ती वर लावली आणि मैदानाकडे पळाले. समोर समुद्रात कुलाब्याचा किल्ला, मैदानात झेंडूची तोरणं, गर्दी. मुंबईहून संघ घेऊन आलेले आणि स्वतःही स्पर्धेत उतरलेले अण्णा म्हणाले, "हे खेळण्यातलं कुठून आणलंत?" मी बाण घेऊन रेषेकडे निघाले.

सहा-सहा बाणांच्या तीन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत माझे चार बाण लक्ष्याच्या डोक्यावरून गेले. मागे कुणीतरी म्हणालं, "बाई आभाळाची शिकार करतेय!" माझे कान तापले. डोळ्यांसमोर त्या अकरा पोरी आल्या, आणि त्यांना जाऊन काय सांगायचं ते सुचेना. नेम चुकतोय, अण्णांचंच खरं, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

आणि मग दादांचं वाक्य आठवलं. बान डोक्यावरनं जातील!

दोरीत बोटं घातली. खालची फट बोटभर जास्त. नरम पात खाली होती! मी मैदानातच मांडी घातली, नाण्यानं बोल्ट फिरवले, पाती बदलल्या. पंच हाका मारत होते. दोरी चढवली, पुन्हा बोटं घातली, आता वर बोटभर जास्त. उठून रेषेवर आले.

दोरी ओढली आणि मोठ्यानं म्हणाले, "मालती, दादर, पुरणपोळी." सोडला. बाण लाल वर्तुळात! शेजारचा स्पर्धक माझ्याकडे बघतच राहिला. दुसऱ्या फेरीत सहाच्या सहा लक्ष्यात, तिसऱ्या फेरीत चार मधोमध. शेवटच्या फेरीत अण्णांचे दंड भरून आले होते, त्यांचं चाळीस पौंडी धनुष्य बाण सोडायच्या आधीच हलत होतं.

मी दुसरी आले. अण्णा चौथे. मावशी गर्दीतून अशा ओरडल्या की खुद्द पहिला आलेला माणूस दचकला. अण्णांनी मला आपट्याचं पान दिलं आणि खाली बघत म्हणाले, "सोमवारपासून मुलींना घेऊन या." त्या दिवशी मावशींकडे तळलेली सुरमई मी किती खाल्ली ते लिहीत नाही.

परतताना लाँचवर ट्रंक मांडीवर घेऊन बसले होते. एकाही कंडक्टरनं तिला टपावर पाठवलं नव्हतं. ते दोन्ही ठिपके मी कधी पुसले नाहीत, वरच्या पातीला फक्त हिरवा दोरा बांधला. धनुष्य अजून कपाटात आहे. बोल्ट हिरवे पडलेत, शेंदूर तेवढा ताजा आहे.

सोमवारी व्यायामशाळेत अकरा पोरी ओळीनं उभ्या राहिल्या. एकेकीच्या हाती धनुष्य दिलं आणि सांगितलं, ओढून धरा, नाव सांगा, गाव सांगा, सकाळी काय खाल्लंत ते सांगा. शेवटची होती शांता. वर्गात हजेरीलाही तिचा आवाज ऐकू येत नसे. तिनं दोरी हनुवटीपर्यंत ओढली, डोळे लक्ष्यावर रोखले आणि इतक्या मोठ्यानं नाव सांगितलं की अण्णा कचेरीतून बाहेर आले. "शांता! परळ! शिळी पोळी आणि चहा!" ती ओरडली, आणि तिनं बाण सोडला.