वाजणाऱ्या रेडिओची तक्रार

रेडिओ ठणठणीत वाजत होता. नेकनूरजवळच्या वस्तीशाळेनं मग तक्रार कशाला केली, तेच मला कळेना.

"वाजतो हो," बाई म्हणाल्या. "पण थांबत न्हाई ना!"

शाळांना टू-इन-वन पुरवणाऱ्या कंपनीचा मी मेकॅनिक. टू-इन-वन म्हणजे रेडिओ आणि टेप एकाच डब्यात. सकाळी रेडिओवर गणिताचा पाठ लागायचा. आधी प्रश्न, मग जराशी शांतता, मग उत्तर. चौथीतली मंदा बोटं मोजत राही, तोवर उत्तर येऊन जाई. हातच्याची वजाबाकी शिकवली तेव्हा ती आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली.

"हेडसर सोमवारी तिची वजाबाकी बघणार हायेत," बाई हळूच म्हणाल्या. "न्हाई जमलं तर दुसरीत, धाकट्या भावाशेजारी. मग बाप शाळाच बंद करतो तिची. तुमी पाठ टेप व्हायची सोय करा. थांबवून थांबवून शिकवते."

टेपच्या बाजूला कंपनीचं सील होतं. कॅसेट अडकते, तक्रारी वाढतात, म्हणून. सील तोडलं की नोकरी गेली. मी सातवीत शाळा सुटलेला, कोकणातून इतक्या लांब आलेला. कंपनीच्या साहेबांनीच पोटापाण्याला लावलं होतं. एसटीडी बूथमधून त्यांना फोन लावला, सील तोडू का विचारलं.

"आपलं काम रेडिओ वाजवायचं," साहेब म्हणाले.

"पोरीची शाळा सुटेल, साहेब."

"तुझी सुटली. मेलास का?"

"सुटली, म्हणूनच विचारतोय."

साहेबांनी शाळेचं नाव विचारून लिहून घेतलं. मग, "तोड. पण कॅसेट अडकली तर स्वतःच्या सुट्टीत जायचं."

सील तोडलं. हेड, म्हणजे आवाज टेपवर उतरवणारा भाग, स्पिरिटनं पुसला. आतला रबरी पट्टा बदलला. दुसऱ्या सकाळी पाठ टेप झाला.

सोमवारी राहवेना, म्हणून गेलो. हेडसरांनी त्याच सकाळचा, मंदानं न ऐकलेला पाठ लावायला सांगितला.

"त्रेपन्नातून सव्वीस गेले, उरले किती?"

बाईंनी टेप थांबवली. मंदाचे ओठ हलत राहिले.

"सांग की गं," हेडसर म्हणाले.

"थांबा सर." मग म्हणाली, "सत्तावीस."

बाईंनी टेप सोडली. "सत्तावीस," डबा म्हणाला.

पुढचं एक चुकलं, बाकीची आली. मंदा चौथीतच राहिली.

कॅसेट महिन्याभरात अडकलीच. सील उघडलं की तक्रारी वाढतात, हे साहेबांचं खरं निघालं. माझा एक रविवार त्यात गेला.