राउटरताईची दशमी

राउटरताई बंद पडलेल्या राउटरच्या डोक्यावर आधी तळहात ठेवायची. ताप बघतात तसा. डबा कोमट लागला तर म्हणायची, "जीव हाय." गार लागला तर आम्हा सगळ्यांकडे असं बघायची, जणू आम्हीच त्याला उपाशी ठेवलाय.

तिचं खरं नाव हजेरीपटावर असेल. उरणजवळच्या आमच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये ते कुणी वापरलं नाही. ती मिठागरात राबणाऱ्या घरातली, एमएस्सी करत होती. मी ट्रेलर ड्रायव्हरची मुलगी, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते.

बाबांनी मला एका ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आणून दिला होता. त्याला वायफाय नव्हतं, फक्त वायर लागायची; म्हणून मी मध्ये एक राउटर ठेवला, वायफाय पकडून वायरीतून देणारा. कॉलेजचं वायफाय तर प्रत्येकीकडे तिचं स्वतःचं नाव आणि पासवर्ड मागायचं, आणि माझ्या साध्या राउटरला ते द्यायची अक्कल नव्हती. राउटरताईने नेटवर्कच्या सरांकडून माझ्यासाठी लेखी परवानगी आणली. मग राउटरमधलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे त्याचा आतला प्रोग्राम, पुसून नाव-पासवर्ड देऊ शकणारं ओपन सोर्स फर्मवेअर घालायला बसली.

हा सोहळा बघायला अख्खा मजला यायचा. डब्याच्या पोटावरचा मॉडेल नंबर ती तीनदा मोठ्याने वाचायची आणि आमच्याकडून वदवून घ्यायची, कारण एक आकडा चुकला तर डबा कायमचा मरणार. "पत्रिका जुळली पायजे गो, मंगच लगीन." फर्मवेअर चढेपर्यंत वीज जाता कामा नये, म्हणून मेन स्विचपाशी एकीला उभी करायची आणि इस्त्रीवर बंदी. चुरगळलेल्या कपड्यांनी लेक्चरला जाणाऱ्या मुली दिसल्या की सरांना कळायचं, आज हॉस्टेलात लग्न आहे. माझा डबा पहिल्याच फटक्यात लागला. तो आम्ही परकराच्या नाडीने खिडकीच्या गजाला बांधला, कारण कॉलेजचं वायफाय तिथपर्यंतच यायचं.

पुढे माझी पहिली नोकरीची मुलाखत आली. ऑनलाइन, सकाळी अकराला, न्हावा शेव्याच्या एका मालवाहतूक कंपनीत. हॉस्टेलात मोबाइलला बोलण्यापुरतीच रेंज यायची, व्हिडिओ चालायचा नाही. आणि नेमकी साडेनऊला वीज गेली, परत आली आणि राउटर कॉलेजच्या वायफायला लागेना.

वीज गेली की तो डबा तारीख विसरायचा. नेट मिळाल्याशिवाय त्याला तारीख कळायची नाही, आणि तारीख बरोबर असल्याशिवाय तो नेट घ्यायचा नाही. राउटरताई आली, मोबाइल कानाला लावून. रोज या वेळी ती गॅलरीच्या टोकाला उभी राहून वडिलांशी बोलायची. आज बोलत बोलत आत आली, खिडकीला टेकली आणि एका हाताने तारीख भरली. तरी डबा लागेना. कॉलेजचं सर्टिफिकेट, म्हणजे त्या वायफायचं ओळखपत्र, अजून लागू झालेलं नाही, असंच म्हणत राहिला.

पावणेअकरा झाले. मी म्हटलं, सर्टिफिकेट तपासायचंच बंद कर, एकदाच. ती तेवढ्या गडबडीतही वळली.

"नुसता नाव सांगितला म्हणून कुणालाबी पासवर्ड देशील काय? तो देत न्हाय. तुझ्यापेक्षा तो शाणा हाय."

मला रडू आलं. ती स्क्रीनकडे बघत राहिली आणि एकदम भिंतीला टेकून हसायला लागली. वडील फोनवर म्हणाले होते, आज दशमी, भरतीला जोर नाही. मिठागरातल्या घरात दिवस तिथीने चालतो. तिने राउटरला दहा तारीख भरली होती. त्या दिवशी होती पंचवीस, आणि कॉलेजने नवं सर्टिफिकेट लावलं होतं एकवीसला.

"मी त्याला बाबाची तिथी दिली गो," ती डोळे पुसत म्हणाली, आणि मलाही हसू फुटलं. दहाचे पंचवीस केले. अकराला तीन मिनिटं असताना दिवा हिरवा झाला. मी तशीच हसत मुलाखतीला बसले आणि शेवटपर्यंत भीती वाटली नाही.

परीक्षा संपल्यावर ती पुण्याला गेली, तिथेच नोकरीला लागली. आता फोन सणावाराला. पण मला आठवतो माझं नोकरीचं पत्र आलं तो दिवस. मी पहिल्यांदा तिच्याकडेच धावले. तिने ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि माझ्या आईला स्पीकरवर फोन लावायला लावला. आई बाजारात सुकी मासळी विकत होती. जन्मभर गोणपाटावर बसलेली बाई. पगार, हुद्दा, सगळं ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं, "म्हंजे तू बसणार कशावर?"

राउटरताईने फोन माझ्या हातातून घेतला.

"खुर्चीवर गो काकी," ती म्हणाली. "पंख्याखाली, फिरत्या खुर्चीवर."