राक्षस मेल्याशिवाय घरी नाही

आंबिवलीच्या चाळीत पाळणाघर चालवणाऱ्या हौसाबाईंचं तोंड म्हणजे तोफखाना. पण त्यांची खरी कमाल गोष्टींत. राक्षस, चेटकीण, सात समुद्रांपलीकडची राजकन्या! नियम एकच: गोष्ट ऐकायची तर 'हूं' म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्ट बंद, मग रडा नाहीतर लोळा.

"पुन्हा राक्षसाची गोष्ट सांगितलीत तर उर्वीला उद्यापासून पाठवणार नाही," ठाण्याच्या ऑफिसातून लेकीला न्यायला आलेली योगिनी दारातच कडाडली. "पोरगी झोपत नाही, मावशी. पलंगाखाली राक्षस आहे म्हणते. शिकण्यासारखं काही सांगा ना, फळांची नावं वगैरे!"

धमकी हौसाबाईंना झोंबली. उर्वी तान्ही होती तेव्हापासून त्यांच्या मांडीवर वाढलेली. पण गप्प बसतील तर त्या हौसाबाई कसल्या!

"फळांच्या नावांनी भीती पळते होय गं? अंधारात पोर काय सीताफळ, सीताफळ म्हणणार?" त्या उर्वीकडे वळल्या. "आणि तू गं भवाने, राजकन्येनं राक्षसाचं काय केलं, ते नाही सांगितलंस आईला?"

"तो अजून दारापाशीच आहे," उर्वी म्हणाली.

हौसाबाईंनी कपाळावर हात मारला. रोज भांडी आवरून त्या गोष्टीला बसायच्या, राक्षस दाराशी यायचा आणि नेमकी तेव्हाच योगिनी यायची. दप्तर, चपला, चला! उर्वी गेल्यावर बाकीच्या पोरांची गोष्ट पुरी व्हायची, म्हणून दुसऱ्या दिवशी नवी. उर्वीचे सगळे राक्षस जिवंतच.

"माझं चुकलं. भांडी मागून घासायला हवी होती," म्हणत त्यांनी दाराला कडी घातली. "पण आता राक्षस मेल्याशिवाय पोर मिळणार नाही."

"मावशी, खाली रिक्षा थांबलीय!"

"जाऊ दे मसणात! उद्या पाठव, नको पाठवू, तुझी मर्जी. पण जिवंत राक्षस घेऊन मी हिला घरी जाऊ देणार नाही. बस खाली!"

योगिनी रागानं लाल झाली, पण बसली. हौसाबाईंनी सुरुवात केली. राक्षस दार ढकलतो, कडी खिळखिळी होते, राजकन्या चुलीतलं जळतं लाकूड उचलते... आणि हौसाबाई थांबल्या.

उर्वीचा हुंकार आला नव्हता. तिनं आईचा हात घट्ट धरला.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "तू म्हण ना हूं. नाहीतर तो मरणारच नाही."

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. योगिनीनं लेकीला मांडीवर ओढून घेतलं.

"हूं," ती म्हणाली.