टेकाडातल्या बाईची दाढ

डॉक्टर पारुश कलायजिएव्ह यांनी तुंजा नदीकाठच्या त्या लहानशा गावात एकेचाळीस वर्षं लोकांचे दात काढले आणि भरले. आडनाव कल्हईवाल्यांचं. पणजोबा खांद्यावर भाता टाकून गावोगाव तांब्याच्या भांड्यांना कल्हई करत फिरायचे. पारुश म्हणायचे, "आमच्या घराण्याचा धंदा काही बदलला नाही. तेव्हा भांडी उजळायचो, आता तोंडं."

निवृत्त झाल्यावर त्यांनी दवाखाना विकला, पण रुग्णांची खुर्ची विकली नाही. मागं रेलणारी, हातांवरचं कातडं झिजून गुळगुळीत झालेली ती खुर्ची त्यांनी घराच्या काचबंद व्हरांड्यात, अंजिराच्या झाडाकडे तोंड करून ठेवली. दुपारी वाटीभर घेवड्याचं सूप आणि पाव खाल्ला की ते तिच्यात रेलत. झोप अशी नसायचीच, नुसतं तरंगणं. काचेवर पानांच्या सावल्या हलत, बाहेर कुणाची तरी कोंबडी आरवल्यासारखी ओरडे, आणि त्या तंद्रीत एकेचाळीस वर्षांचे रुग्ण एकामागून एक येऊन जात. चेहरे पुसट झालेले असत. दात मात्र लख्ख दिसत.

नेदाचे तर दिसणारच. बायको होती त्यांची. चार वर्षांपूर्वी गेली. गावात कुणी गेलं की फाटकावर फोटोसकट कागद चिकटवायचा आणि दर वर्षी तो नवा करायचा, ही तिथली रीत. इतरांच्या कागदांवरचे मृत लोक पासपोर्ट काढायला बसल्यासारखे तोंड मिटून बघत. पारुशच्या फाटकावरची नेदा मात्र मोकळेपणी हसत होती, आणि तिच्या दातांतली गंमत येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होती. वरच्या जबड्यातल्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचे दोन छोटे दात तिला जन्मापासून नव्हतेच. सुळे आपले हळूच पुढं सरकून त्या जागी येऊन उभे राहिलेले. त्यामुळं हसली की मांजरीच्या पिलासारखी दिसायची.

त्याच दातांपायी ती पहिल्यांदा त्यांच्या दवाखान्यात आली होती, बावीस वर्षांची असताना. "दोन दात करून द्या," म्हणाली.

पारुशनी आरसा फिरवून फिरवून बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मी नाही करणार."

"का? जमत नाही तुम्हाला?"

"जमतं. पण हे असंच छान आहे."

नेदा इतकी संतापली की जाताना तिनं दार आपटलं आणि कपाटावरचा प्लास्टरचा जबडा खाली पडून फुटला. तिसऱ्या दिवशी ती परत आली, मुद्दाम सांगायला, की शहरातला डॉक्टर करून देणार आहे म्हणून.

"मग तुम्ही गेला का नाहीत शहरात?" पारुशनी विचारलं.

"बस चुकली," नेदा म्हणाली आणि हातानं तोंड झाकून हसली. द्राक्षं उतरल्यावर त्यांचं लग्न झालं.

पारुशच्या आईला मात्र ही सून कधी पचली नाही. दातांचं काही नव्हतं. नेदाचे आजी-आजोबा सीमा बदलल्या तेव्हा दक्षिणेच्या डोंगरापलीकडून गाठोडी घेऊन आलेले निर्वासित, आणि कलायजिएव्ह मात्र म्हातारीच्या मते पहिल्यापासून इथलेच. चीज घालून भाजायच्या बानित्साचं पीठ लाटता लाटता म्हातारी कुणी ऐको न ऐको, म्हणायची, "हिला काय ठाऊक इथलं? उपरी ती." नेदाला नातवंडं झाली तरी ती उपरीच राहिली. नेदा हसण्यावारी न्यायची. एकदाच, भांडी घासताना, पाठमोरी असतानाच ती पारुशना म्हणाली होती, "एकदा तरी आजीचं गाव दाखवशील मला?" तेव्हा सीमा बंद होती. पुढं ती उघडली, पण दर वर्षी काही ना काही निघत राहिलं.

हे सगळं उकरून निघालं ते एका सप्टेंबरात.

गावाबाहेर सूर्यफुलांच्या शेतात मातीचं एक जुनं टेकाड होतं. तिकडं अशी टेकाडं कुठंही दिसतात. नांगर त्यांना वळसा घालून जातो आणि मेंढ्या वर चढून बसतात. खाली थ्रेशियन या प्राचीन लोकांच्या कबरी असतात हे सगळ्यांना माहीत असतं. रस्ता रुंद करताना हे टेकाड मध्ये आलं, म्हणून ते रीतसर खणलं गेलं. आत सात माणसं निघाली, अडीच हजार वर्षांपूर्वी पुरलेली. ती खोक्यांत भरून गावच्या दोन खोल्यांच्या संग्रहालयात आली. मग राजधानी सोफियाहून रालित्सा नावाची एक मुलगी त्यांच्या दातांतून डीएनए काढायला आली आणि पहिल्याच दिवशी रडकुंडीला आली. दात चुन्यानं जबड्यात असे बसले होते की ओढले की तुटत.

संग्रहालयाचा प्रमुख, पहारेकरी आणि झाडूवाला, तिन्ही एकच: स्ताम्को. पारुशचा शाळेपासूनचा दोस्त. तो तडक व्हरांड्यात आला आणि त्यानं खुर्चीला लाथ मारली.

"डॉक्टरा, ऊठ. रुग्ण आलेत."

"मी बंद केलंय आता."

"अरे, हे ओरडत नाहीत की चावत नाहीत. असे रुग्ण तुला जन्मात मिळाले नसतील."

पारुशना पांढरा झगा, टोपी, मुखपट्टी, दोन-दोन हातमोजे घालायला लावले. रालित्सानं बजावलं, "डॉक्टर, बोलायचं झालं तर तोंड वळवून बोला. आपली थुंकी उडाली तर आपलाच डीएनए त्यांच्यात मिसळेल."

"म्हणजे मी शिंकलो," स्ताम्को दारातून म्हणाला, "तर सोफियात जाहीर होणार, थ्रेशियन राजा हुबेहूब स्ताम्कोसारखा होता!"

"तुम्ही आधी दारातून बाजूला व्हा काका."

पारुशनी आपली जुनी हत्यारं उकळून आणली होती. दात ओढायचा नसतो, त्याला सैल व्हायला वेळ द्यायचा असतो, हे त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं. एक म्हातारा झाला, मग चार जवान, एक पोरगं. प्रत्येक जबडा हातात घेताना ते सवयीनं पुटपुटत, "जरासं हं, झालंच." रालित्सा आधी हसली, मग हसायची थांबली. संध्याकाळ होता होता सातवं खोकं उघडलं. बाई होती. वय तिशीच्या आसपास. पारुशनी कवटी दिव्याखाली वळवली आणि त्यांचा हात जागीच थबकला.

वरचे दोन मोठे दात. त्यांना लागून थेट सुळे. मधले दोन नाहीत. पडलेही नव्हते, पडले असते तर हाडात खाच राहिली असती. जन्मापासूनच नव्हते.

"काय झालं डॉक्टर?"

"काही नाही पोरी," पारुश म्हणाले. "हिला उद्या घेऊ. आज हात दमलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते गेलेच नाहीत. खुर्चीत पडून राहिले. अंजिराची पानं हलत होती, आणि त्या हिरव्या उजेडात जुना दवाखाना पुन्हा भरला. बाकावर टेकाडातली माणसं ओळीनं बसली होती, अंगावर मातीच्या रंगाचे कपडे, मांडीवर हात. कुणाला घाई नव्हती. म्हातारा पोराला काहीतरी सांगत होता आणि पोरगं पाय हलवत होतं. शेवटी बसलेली बाई मात्र बोलत नव्हती. "नाव?" पारुशनी विचारलं, तर तिनं तोंडावर हात ठेवला. पलीकडच्या स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "कोण आहे रे?" आणि पारुश मोठ्यांदा म्हणाले, "आई, इथलीच आहे! तुझ्याही आधीची आहे!" स्वतःच्याच आवाजानं त्यांना जाग आली. काचेवर एक गांधीलमाशी चालत होती.

ते उठले, तोंड धुतलं, कपाटाच्या खणातून काड्यापेटी काढून खिशात टाकली आणि संग्रहालयात गेले.

बाईची दाढ त्यांनी अर्ध्या तासात काढली, तडासुद्धा न जाऊ देता. मग बाहेर येऊन मुखपट्टी उतरवली आणि रालित्साला सगळं सांगितलं. नेदाचे दात, आईचं बोलणं, सगळंच. शेवटी काड्यापेटी पुढं केली. आत कापसावर नेदाची अक्कलदाढ होती. त्यांनीच काढलेली, त्यांनीच जपलेली.

"दोघींचं ताडून बघता येईल का?"

रालित्सानं काड्यापेटी हातात घेतली नाही. "डॉक्टर, येईल. पण दाढेच्या मुळाची पूड करावी लागेल. आणि मी काय सांगेन ते आत्ताच सांगते. अडीच हजार वर्षं म्हणजे शंभर पिढ्या. एवढ्या काळात कोण कुणाचं, हे धाग्यासारखं पकडता येत नाही. आणि दात म्हणाल तर..."

"शंभरातल्या एकदोघांना नसतात ते," पारुश म्हणाले. "मला ठाऊक आहे. मीच शिकलोय."

"मग?"

"ठाऊक असून विचारलं." त्यांनी पेटी मिटली. "राहू दे. पूड नको."

त्यांनी पेटी खिशात टाकली. मग पारुशनी विचारलं, "बरं, हे थ्रेशियन आले तरी कुठून होते?"

"सगळे हेच विचारतात. थ्रेशियन म्हणून ते कुठून आलेच नाहीत डॉक्टर. फार पूर्वी इथं शिकार करणारी माणसं होती. मग पूर्वेकडून, समुद्रापलीकडून, बी-बियाणं घेऊन शेतकरी आले. त्यानंतर कित्येक शतकांनी उत्तरेच्या गवताळ मैदानांतून गुरं आणि गाडे घेऊन आणखी लोक आले. ती सगळी इथं मिसळली, आणि जे झालं त्याला पुढं कुणीतरी थ्रेशियन म्हटलं. नंतर स्लाव लोक आले, तेही त्यांच्यात मिसळले."

"म्हणजे सगळेच आलेले?"

"पुढंमागं, एवढंच."

रालित्सा दात डब्यांत घालून सोफियाला गेली. हिवाळा लागला. तुंजेवर धुकं इतकं दाट उतरे की पलीकडची पॉपलरची झाडं आधी गायब होत, मग नदी, मग स्वतःचे बूटसुद्धा. स्ताम्कोनं तेवढ्यात सातव्या नंबरच्या बाईसाठी काचेचं कपाट मिळवलं आणि ठळक अक्षरांत पाटी लावली: आमची आद्य आजी. शाळेची मुलं येऊन बघून जात. पारुशही बघायला जात, आठवड्यातून एकदा, केस विंचरून. कुणाला काही सांगत नसत. कपाटासमोरच्या लाकडी बाकावर बसत, आणि बाहेरचं धुकं खिडकीतून आत आल्यासारखं वाटे. ही बाई इथली आणि नेदा हिची, हा विचार चुकीचा आहे हे त्यांना कळत होतं. तरी तो उबेला मांडीवर येऊन बसलेल्या मांजरासारखा होता. त्याला उठवावंसं वाटत नव्हतं.

एप्रिलमध्ये करकोचे परतले आणि त्याच आठवड्यात रालित्साही आली. संग्रहालयाच्या मागच्या अंगणात तिघं बसली. स्ताम्कोनं छोट्या पेल्यांत राकिया, घरची फळांची दारू, ओतली.

"टेकाडातले सहाजण एकाच घरातले निघाले," रालित्सा म्हणाली. "म्हातारा, त्याचे मुलगे, पुतणे, नातू. बाप-लेक-नातू अशी सरळ ओळ लागते. पण सातवी त्यांच्यापैकी कुणाचीच नाही. पोरगं तेवढं तिचं. तिचा मुलगा."

"सून!" स्ताम्को म्हणाला.

"सून. आणि आणखी एक. डॉक्टर, पक्क्या दाढेचं एनॅमल कधी तयार होतं?"

"पहिल्या दाढेचं तीन-चार वर्षांपर्यंत होतं," पारुश म्हणाले. "पुढं आयुष्यभर बदलत नाही."

"म्हणून लहानपणी जे पाणी प्यायलं त्याची खूण त्यात राहून जाते. बाकी सहाजण इथल्याच पाण्यावर वाढलेले. हिचं पाणी वेगळं आहे. नक्की कुठलं ते सांगता येत नाही. पण इथलं नाही. दक्षिणेकडचे डोंगर असावेत, असा आमचा अंदाज आहे."

स्ताम्कोनं पेला खाली ठेवला. "म्हणजे माझी आद्य आजी..."

"उपरी," पारुश म्हणाले.

आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पाणी हसण्याचं आहे की कशाचं हे दोघांनाही विचारवलं नाही. तिला कुणी काय काय ऐकवलं असेल, अंगणात पीठ मळताना, इथल्या भाषेतल्या तिच्या चुकांवरून? आणि तरी शेवटी घरच्यांनी तिला टेकाडात आपल्यातच ठेवली, म्हाताऱ्याच्या उजव्या अंगाला, पोराजवळ. पारुशच्या आईनं कधी नेदाला एवढ्या जवळ बसवलं नव्हतं. पण मग त्यांना हेही आठवलं की आईच्या शेवटच्या महिन्यांत तिला घास भरवायला नेदाच लागे, दुसऱ्या कुणाच्या हातचं ती तोंडात घेत नसे.

"पाटी बदलावी लागणार," स्ताम्को कुरकुरला. "आता काय लिहू?"

"सून लिही," पारुश म्हणाले.

नेदाचे दात आणि त्या बाईचे दात यांचा काही संबंध नव्हता. ते आता त्यांना दुखलं नाही. ती बाई एकदम तिची स्वतःची झाली, आणि नेदा नेदाची.

मे महिन्यात स्ताम्कोच्या खटारा लाडा गाडीतून ते दोघं सीमा ओलांडून दक्षिणेला गेले. पासपोर्ट बघणाऱ्या पोरानं विचारलं, कशासाठी जाताय? स्ताम्को म्हणाला, "याला सासुरवाडीला सोडायला." डोंगराच्या कुशीत, वळणावळणाच्या रस्त्याच्या टोकाला नेदाच्या आजीचं गाव होतं. पंधरा-वीस घरं, एक देवळीएवढं बुटकं चर्च, आणि वरच्या अंगाला नुसत्या भिंती उरलेल्या, आत डाळिंबं उगवलेली. कुठलं घर तिचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. पारुश एका भिंतीवर जाऊन बसले. खाली दरीत शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या, कधी जवळ, कधी फार लांब.

रानभाजी खुडायला आलेली एक म्हातारी त्यांच्यापाशी थांबली आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. पारुशना एक शब्द कळला नाही. त्यांनी आपल्या भाषेत उत्तर दिलं, की बायकोला इथं आणायचं राहून गेलं. म्हातारी मान हलवत राहिली, मग तीही पुष्कळ काही बोलली, डोंगराकडे हात करून, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. असं बराच वेळ चाललं. स्ताम्कोनं खालून दोनदा हॉर्न वाजवला. तोवर म्हातारी पारुशच्या शेजारी भिंतीवर टेकली होती आणि मांडीवरच्या टोपलीतली पालेभाजी निवडायला लागली होती.