कूलरसमोरचा डबा

मे महिन्यात हिंदी मुलखालगतच्या लालबागचे पत्रे सकाळी नऊलाच तापतात. लग्नाच्या शूटिंगवाल्या पुंडलिक महाजननं दुकानाचं शटर वर केलं आणि थेट कॉम्प्युटरचा डबा उघडला. अक्कल तोळाभर, जीभ हातभर. प्रोसेसर आणि मेमरीमधल्या रस्त्याला बस म्हणतात, तिचा वेग वाढवला की जुनं मशीनही पळतं, एवढं त्यानं मोबाईलवर ऐकलेलं. पळताना ते तापतंही, इथवर ऐकायचा धीर कुणाला?

"आधी त्या गिऱ्हाइकाच्या हिमानीच्या लग्नाच्या शूटिंगची कॉपी काढा. दुसरी नाही ना आपल्याकडं," बायको वर्षा म्हणाली.

"तू रहने दे. तुले काय समजते त्यातलं?"

वेग वाढवला. मशीन तापून दोनदा बंद पडलं. तरी वेग कमी करील तर तो पुंडलिक कसला! उघडा डबा त्यानं पाण्याच्या कूलरसमोर ठेवला. वाऱ्याबरोबर तुषार आत गेले, चट्ट झालं आणि डिस्कसकट हिमानीचं लग्न धुरात गेलं.

"मालच खराब होता, और क्या," पुंडलिक म्हणाला.

"कूलर जिभेले लावा आता. तीच जास्त तापते तुमची."

हिमानीच्या वडिलांचा फोन वाजू लागला. पुंडलिकनं तो उपडा ठेवला आणि कालच्या वरातीत गुंतलेली लाइटची वायर सोडवायला घेतली.